जमिनीखालचे खांब

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



 अशा प्रसंगी वक्त्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे अशी प्रथा आहे. ते महत्त्व आपल्याला ठाऊक आहे, म्हणूनच तर आपण ही संस्था चालवता आणि आपली मुले तिच्याकडे सोपवता. तेव्हा त्यावर पुन्हा बोलून मी आपला वेळ घेणार नाही. ज्या कामात माझे आयुष्य गेले त्यातील एकच गोष्ट आज सांगतो. खाणीतून कोळसा कसा काढतात हे पुष्कळांनी ऐकलेले असते. खाणीत कोळसा किती आणि कसा मागे ठेवतात हे फारसे कुणी सांगत नाही. माझा विषय तो आहे.

आपल्या विदर्भात वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळसा काढण्याला शंभराहून अधिक वर्षे झाली. वरोऱ्याची सरकारी खाण तर 1906 सालीच बंदही झाली. आज बहुतेक कोळसा खुल्या खाणींतून, म्हणजे वरची माती आणि दगड उचलून, काढला जातो. परंतु पूर्वी भूमिगत खाणींचेच राज्य होते आणि त्या खाणींनी मागे ठेवलेली पोकळी अजून जमिनीखाली आहे. वर घरे आहेत, शाळा आहेत, रस्ते आहेत. खाली काय आहे हे वर राहणाऱ्याला दिसत नाही.

भूमिगत खाणीची रचना समजून घ्या. कोळशाचा थर जमिनीखाली एखाद्या जाड सतरंजीसारखा पसरलेला असतो. त्या थरातून सरळ रेषेत बोगदे काढतात, त्यांना गॅलरी म्हणतात. मग त्यांना काटकोनात दुसऱ्या गॅलऱ्या काढतात. वरून पाहिले तर बुद्धिबळाच्या पटाप्रमाणे आखलेल्या नगराचा नकाशा दिसेल. गॅलऱ्या म्हणजे रस्ते, आणि रस्त्यांच्या मध्ये जे चौकोनी ठोकळे उरतात ते कोळशाचे खांब. खांब हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यांसमोर मशिदीचा किंवा वाड्याचा खांब येतो. हा खांब तसा नाही. तो पंधरावीस मीटर लांब, तितकाच रुंद आणि उंचीने मात्र दोनतीन मीटर, म्हणजे एखाद्या बैठ्या घरासारखा असतो. तो कुणी बांधलेला नसतो. तो फक्त काढलेला नसतो.

आता हिशेब करू. आठवीच्या मुलालाही जमेल असा आहे. खाण 100 मीटर खोल आहे असे समजा. वरच्या दगडाचे वजन घनमीटरला अडीच टन धरले तर त्या खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर 250 टनांचा भार येतो. गॅलरी 5 मीटर रुंद आणि खांब 15 मीटर बाजूचा चौरस धरू. (आपल्याकडे गॅलरी 4.8 मीटरहून रुंद नसावी असा नियम आहे. आकडे सोपे जावेत म्हणून 5 घेतले.) एका खांबाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 20 मीटर झाले. म्हणजे प्रत्येक खांबाला 20 गुणिले 20, अर्थात 400 चौरस मीटर छत डोक्यावर घ्यावे लागते. 400 गुणिले 250, झाले एक लाख टन. एका खांबावर एक लाख टन! खांबाचे स्वतःचे क्षेत्रफळ 225 चौरस मीटर, तेव्हा त्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 444 टन भार पडतो.

भार कळला. पण खांबाची ताकद किती? इथे खरी अडचण आहे. कोळशाचा लहानसा तुकडा प्रयोगशाळेत यंत्राखाली दाबून फोडता येतो. घराएवढा खांब कुठल्या यंत्रात घालणार? शिवाय तुकडा जितका मोठा, तितक्या त्यात भेगा आणि पाझर जास्त, म्हणून लहान तुकड्याचे उत्तर मोठ्या खांबाला जसेच्या तसे लावता येत नाही. कित्येक पिढ्या खाणवाल्यांनी खांबांचे माप अनुभवाने, शेजारच्या खाणीकडे पाहून आणि पुष्कळदा मालकाच्या इच्छेनुसार ठरवले.

हा हिशेब नीट मांडण्याची निकड जगाला वाटली ती एका भयंकर अपघातामुळे. तो आपल्या देशातला नाही, दक्षिण आफ्रिकेतला आहे. ऑरेंज फ्री स्टेट प्रांतात कोलब्रुक नावाची कोळशाची खाण होती. तिच्या काही भागांत आधी गॅलऱ्या काढून झाल्या होत्या आणि नंतर छतात राहिलेला कोळसाही काढून गॅलऱ्यांची उंची वाढवण्यात आली होती. खांबांची जाडी तीच राहिली, उंची वाढली. डिसेंबर 1959 मध्ये खाणीचा एक भाग कोसळला. काम चालूच राहिले. 21 जानेवारी 1960 रोजी शेकडो खांब एकामागून एक फुटले आणि 430 हून अधिक माणसे खाली अडकली. वरून भोके पाडून त्यांचा शोध घेण्याचा प्रयत्न झाला, पण कुणीही जिवंत हाती लागले नाही. मृतदेहसुद्धा वर आले नाहीत. मरणाऱ्यांत बहुतेक जण बसुटोलँड, म्हणजे आजचे लेसोथो, आणि मोझांबिक इथून पोटासाठी आलेले कृष्णवर्णीय मजूर होते. त्यांच्या घरच्यांना त्यांची कबरही पाहायला मिळाली नाही.

मित्रहो, मी अपघाताचे वर्णन लांबवत नाही. एक खांब फुटल्यावर शेकडो का फुटले एवढेच सांगतो. लग्नाच्या मांडवातला एक खांब काढला तर त्याचा भार शेजारच्या खांबांवर जातो. शेजारच्यांत काही शक्ती शिल्लक असेल तर मांडव टिकतो. पण मांडवातले सगळेच खांब आधीच जेमतेम तग धरून असतील, तर पहिला गेला की दुसरा जातो, दुसरा गेला की चार जातात. म्हणून खांबाची ताकद भाराएवढी असून चालत नाही. ती भारापेक्षा बरीच जास्त असावी लागते. किती जास्त, हाच प्रश्न होता.

त्याचे उत्तर शोधणाऱ्यांत मूळचे हंगेरीचे असलेले मिक्लोश सालामोन हे प्रमुख होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी मन्रो यांनी जे केले ते मला फार शहाणपणाचे वाटते. खांब यंत्रात घालता येत नाही, तर खाणीलाच प्रयोगशाळा समजायचे असे त्यांनी ठरवले. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणींतून त्यांनी 125 ठिकाणांची माहिती गोळा केली. त्यांपैकी 98 ठिकाणचे खांब उभे होते आणि 27 ठिकाणचे कोसळले होते. प्रत्येक ठिकाणची खोली, खांबाची रुंदी, गॅलरीची उंची ही मापे घेतली आणि कोणते सूत्र वापरले म्हणजे कोसळलेले आणि उभे राहिलेले यांची वाटणी सर्वांत चांगली होते हे गणिताने शोधले. 1967 साली ते सूत्र प्रसिद्ध झाले. ते असे: खांबाची रुंदी मीटरमध्ये घ्यावी, तिचा 0.46 वा घात करावा, उंचीचा 0.66 वा घात करून त्याने भागावे. आणि 720 ने गुणावे. चौरस मीटरमागे खांब किती टन पेलेल ते उत्तर येते.

घात अपूर्णांकी पाहून घाबरू नका. लॉगरिदमचे कोष्टक याचसाठी शिकवतात. परीक्षेपुरते पाठ करून विसरून जाण्यासाठी नव्हे! सूत्राचा अर्थ साधा आहे. रुंदी वाढली की ताकद वाढते, उंची वाढली की ताकद घटते. उभी ठेवलेली वीट आणि आडवी ठेवलेली वीट यांत कोणती आधी पडेल हे लहान मुलालाही कळते. रुंदीचे कारण जरा खोल आहे. गव्हाचे पोते उभे राहते, तोच गहू पोत्याबाहेर ओतला तर पसरतो. खांबाच्या कडेचा कोळसा भाराने तडकतो, सुटतो, पण तोच मधल्या कोळशाला पोत्यासारखा आवळून धरतो. मधला गाभा जितका मोठा, तितका खांब भक्कम. उंचीच्या दहापट रुंद असलेला खांब सहसा फुटतच नाही. उंचीच्या तिप्पटसुद्धा रुंद नसलेला खांब मात्र जाताना पुरता इशाराही देत नाही.

मघाच्या खांबाला हे सूत्र लावून पाहू. रुंदी 15 मीटर, उंची 3 मीटर. ताकद येते चौरस मीटरला सुमारे 1,210 टन. भार होता 444. म्हणजे ताकद भाराच्या 2.7 पट. सालामोन यांनी 1.6 पट हे प्रमाण सुचवले होते, तेव्हा हा खांब उत्तम. आता त्याच खांबाच्या चारही बाजूंनी एकेक मीटर कोळसा तासला असे समजा. खांब 13 मीटरचा झाला. छत तेवढेच, पण ते पेलणारे क्षेत्रफळ घटले. भार चढतो 592 टनांवर, ताकद उतरते 1,135 वर, आणि प्रमाण होते 1.9. अजून वाईट नाही, असे म्हणून छतातला 2 मीटर कोळसाही काढला आणि उंची 5 मीटर झाली. आता ताकद 810 आणि प्रमाण 1.4 च्या खाली. डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. खांब उभाच आहे, दिवे तसेच जळत आहेत, गाड्या भरून कोळसा वर जात आहे, आणि महिन्याचे उत्पादन वाढल्याबद्दल कुणाची तरी पाठ थोपटली जात आहे.

खांब तासण्याचा मोह कुठल्याही एका देशाचा किंवा एका काळाचा नाही. तासलेला कोळसा त्याच दिवशी वजन करून हिशेबात धरला जातो. तासल्यामुळे गमावलेली ताकद कुठल्याही वहीत लिहिली जात नाही. म्हणून हा हिशेब खाणीच्या व्यवस्थापकाच्या मर्जीवर न सोडता कायद्यात घातला गेला हे योग्यच झाले असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या देशात 1957 च्या कोळसा खाण नियमावलीत खांबांच्या मापांचे कोष्टकच दिलेले होते. खोली 60 मीटरपर्यंत आणि गॅलरी 3 मीटर रुंद असेल तर दोन खांबांच्या मध्यांत निदान 12 मीटर अंतर हवे. खोली 90 ते 150 मीटर आणि गॅलरी 4.8 मीटर असेल तर 25.5 मीटर हवे. जसजसे खोल जावे तसतसे खांब मोठे. 2017 मध्ये नवी नियमावली आली, पण खोलीबरोबर खांब वाढला पाहिजे हे तत्त्व बदलण्याचे काही कारणच नव्हते. पुढे धनबादच्या खाण संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी भारतीय खाणींतील उभे आणि पडलेले खांब अभ्यासून आपल्यासाठी वेगळे सूत्र बसवले. त्यात त्या त्या थरातील कोळशाचे अडीच सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे दाबून काढलेली ताकदही धरतात. आफ्रिकेतला कोळसा निराळा, आपला निराळा. परक्याच्या आकड्याने आपले घर तोलू नये.

सूत्रात न बसणाऱ्याही गोष्टी आहेत. खांब भक्कम असला तरी त्याखालची जमीन चिकणमातीची असेल आणि पाणी मुरले तर खांब जसाच्या तसा खाली रुततो. एकाखाली एक दोन थर असतील तर वरच्या थरातला खांब खालच्या थरातल्या खांबाच्या नेमका डोक्यावर यावा लागतो, नाहीतर वरचा खांब खालच्या गॅलरीच्या छतावर बसतो. थरांमधले अंतर 9 मीटरपेक्षा कमी असेल तर खांब असे एकावर एक घ्यावेत असे नियमही सांगत. अंधारात, जमिनीखाली, एका थरातून दुसरा दिसत नसताना हे साधायचे असते ते केवळ मोजणीच्या आणि नकाशाच्या आधारावर. म्हणून मोजणीदाराची अर्ध्या अंशाची चूक ही चूक नसते, तो खड्डा असतो. आणि पूर्ण खाणच एका धक्क्यात जाऊ नये म्हणून ठराविक अंतरावर फार रुंद खांबांच्या भिंती ठेवून खाणीचे कप्पे पाडतात. एका कप्प्यात काही घडले तर ते तिथेच अडावे, एवढ्यासाठी.

लाकडी थुण्या, लोखंडी टेकू, छतात ठोकायचे बोल्ट यांच्याबद्दल पुष्कळ सांगता येईल, पण ते आधार गॅलरीच्या छताचा सुटा दगड डोक्यात पडू नये यासाठी आहेत. लाख टनांचा डोंगर ते पेलत नाहीत. एवढे मात्र सांगतो की जुने खाणकामगार लाकडी थुणीवर जीव टाकत. ती मोडण्याआधी करकरते, माणसाला पळायला वेळ देते. छत काठीने ठोकून आवाजावरून पोकळ ओळखणारे कानही मी पाहिले आहेत. त्यांच्यापुढे पदवीचा गर्व करू नये.

काही खाणींत शेवटी खांबही काढून घेतात आणि छत मुद्दाम पाडतात. तेव्हा वरची जमीन खचणारच. ती किती आणि कुठे, याचा आधी अंदाज करतात. इंग्लंडमधल्या खाणींत, पुरेसा रुंद पट्टा काढला तर, थराच्या जाडीच्या 90 टक्क्यांपर्यंत जमीन खाली बसल्याचा अनुभव होता. म्हणजे 3 मीटरचा थर काढला तर वर 2.7 मीटरची खोलगट बशी. शिवाय ही बशी खालच्या कामाच्या हद्दीतच राहत नाही, बाहेर पसरते. तिथे उभ्या रेषेपासून 35 अंशांचा कोन धरत. खाण 100 मीटर खोल असेल तर हद्दीबाहेर 70 मीटरपर्यंत जमीन हलते. बशीच्या मधोमध असलेले घर दबले जाते, काठावरचे घर ताणले जाते, आणि भिंतीला ताण सोसत नाही, म्हणून भेगा काठावरच्या घरांना जास्त पडतात. आपल्या खाणी वेगळ्या, दगड वेगळा, आकडेही वेगळे; पण रीत हीच. म्हणूनच रेल्वे, सार्वजनिक रस्ते, इमारती यांच्या खाली किंवा 45 मीटरच्या आत काम करायला 1957 च्या नियमांप्रमाणे खास परवानगी लागत असे. जमीन वाचवायचीच असेल तर कोळसा काढलेल्या जागेत पाण्याबरोबर वाळू सोडून ती भरून टाकतात. हा उपाय चांगला, पण वाळू नदीतून आणावी लागते, आणि नदीलाही वाळू हवी असते.

उथळ खाणींची गोष्ट निराळी, आणि मला अधिक काळजीची वाटते. खोल खाणीत छत पडले तर फुटलेला दगड जास्त जागा व्यापतो आणि पोकळी आपोआप बुजत जाते. खाण उथळ असेल तर पोकळी बुजण्याआधीच वर जमिनीपर्यंत पोचते आणि एके दिवशी अंगणात विहिरीसारखा खड्डा पडतो. त्यासाठी खांब फुटण्याचीही गरज नसते. गॅलऱ्यांच्या चौकातले छत वर्षानुवर्षे थोडे थोडे झडत गेले तरी पुरे. ऑगस्ट 2022 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुस येथे एक राहते घर बघता बघता जमिनीत गेले. घरातली माणसे वाचली. आजूबाजूच्या कुटुंबांना दुसरीकडे हलवावे लागले. त्या वस्तीखाली जुनी भूमिगत खाण होती. त्या खाणीत ज्यांनी कोळसा काढला, ज्यांनी तो विकला, ज्यांनी तो जाळला, त्यांपैकी कुणी त्या घरात राहत नव्हते.

पालकहो, हे मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. खाण बंद करताना तिचा नकाशा खाण सुरक्षा महानिदेशालयाकडे द्यावा लागतो. आपल्या भागात प्लॉट घेताना सात-बारा पाहतो, तसे खाली जुनी खाण आहे काय हेही विचारून घ्यावे. नकाशा अचूक असेल तर खाली भोके पाडून पोकळी भरता येते, किंवा निदान तिथे शाळा बांधायची नाही एवढे तरी ठरवता येते. नकाशाच नसेल तर काहीच ठरवता येत नाही. 1973 च्या राष्ट्रीयीकरणापूर्वीच्या लहानसहान खाणींचे नकाशे शोधणे हेच कित्येक ठिकाणी मोठे काम होऊन बसते.

आणि विद्यार्थ्यांसाठी. हा विषय शिकायला फार दूर जायला नको. नागपूरला विश्वेश्वरय्या संस्थेत खाण अभियांत्रिकीची पदवी आहे. धनबादची जुनी खाण शाळा 1926 पासून चालू आहे. तंत्रनिकेतनांत खाणकाम आणि खाण मोजणीची पदविका मिळते. मुलींच्या पालकांनी हेही ऐकावे की 1952 च्या खाण कायद्याने स्त्रियांना जमिनीखाली काम करायला मनाई होती. 2019 मध्ये ती सैल होऊन तांत्रिक आणि देखरेखीच्या जागा भूमिगत खाणीत स्त्रियांनाही खुल्या झाल्या. खांबाचा हिशेब मुलाने केला की मुलीने, हे खांबाला कळत नाही.

जाता जाता एक उदाहरण देतो, वर्गात फळ्यावर सोडवून पाहा. खोली 150 मीटर, गॅलरी 4.8 मीटर, दोन खांबांच्या मध्यांतले अंतर कोष्टकाप्रमाणे 25.5 मीटर, म्हणजे खांब 20.7 मीटरचा. उंची 3 मीटर असताना सालामोनच्या सूत्राने ताकदीचे भाराशी प्रमाण किती? अडीचच्या जवळपास यायला हवे. मग असे काढा की छतातला कोळसा काढत गेले तर उंची किती झाल्यावर हे प्रमाण 1.6 वर येईल. उत्तर 6 मीटरच्या किंचित आत येईल. लॉगरिदम लागेल. गणिताच्या गुरुजींनी मुलांना आधीच उत्तर सांगू नये, एवढी माझी विनंती आहे.